बाटलीवरचा आकडा आणि आम्लाची खरी संहती

संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर साधारणपणे तीन आकडे छापलेले असतात. ३७ टक्के, घनता १.१८ आणि रेणुवस्तुमान ३६.४६. बारावीच्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकासाठी हवे असते ०.१ मोलर आम्ल, आणि ‘मोलर’ हा शब्द लेबलवर बहुधा कुठेच नसतो. दूध संकलन केंद्रावर आम्लता तपासणाऱ्या माणसाला ‘एक दशांश नॉर्मल’ द्रावण लागते. ठिबकच्या नळ्या साफ करणाऱ्या शेतकऱ्याला शंभर लिटर पाण्याला किती आम्ल घालायचे ते ठरवायचे असते. तिघांचा हिशेब मुळात एकच आहे, आणि त्यात चुकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत.

या हिशेबाचे दोन भाग आहेत. लेबलवरून काढलेली संहती हा अंदाज असतो. तो काळजीपूर्वक काढावा, पण त्यावर थांबू नये. खरी संहती अनुमापनातून मिळते, म्हणजे ज्याची संहती पक्की माहीत आहे अशा दुसऱ्या द्रावणाशी आम्लाचा सामना लावून. पहिल्या भागात गणित चुकते आणि दुसऱ्या भागात हात चुकतो. दोन्ही चुका टाळता येतात.

टक्का कशाचा?

‘३७ टक्के’ वाचल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा: टक्का कशाचा? संहत आम्लांच्या बाटल्यांवरचा टक्का वस्तुमानाचा असतो. म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड असते. मोलर संहती मात्र लिटरच्या भाषेत बोलते: एक लिटर द्रावणात किती मोल. ग्रॅमकडून लिटरकडे जायचे तर मध्ये घनता लागते, म्हणूनच ती लेबलवर छापलेली असते.

हिशेब असा. घनता १.१८ ग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणून एक लिटर द्रावणाचे वस्तुमान ११८० ग्रॅम. त्यातले ३७ टक्के म्हणजे ४३६.६ ग्रॅम आम्ल. त्याला रेणुवस्तुमानाने, ३६.४६ ने भागले की ११.९७ मोल येतात. म्हणून हे आम्ल सुमारे १२ मोलर. एका ओळीत लिहायचे तर:

मोलॅरिटी = १००० × घनता × टक्के ÷ (१०० × रेणुवस्तुमान)

घनता विसरणारा विद्यार्थी एका लिटरला ३७० ग्रॅम धरतो आणि त्याला १०.१५ हे उत्तर मिळते. ते खऱ्या उत्तरापेक्षा १५ टक्क्यांनी कमी आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्याहून थोडेच जड असल्याने चूक एवढ्यावर भागते. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत हीच चूक महागात पडते. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लाची घनता १.८४ आणि रेणुवस्तुमान ९८.०८ आहे. बरोबर हिशेबाने एका लिटरमध्ये १८०३ ग्रॅम आम्ल, म्हणजे १८.४ मोल. घनता सोडून दिली तर ९८० ग्रॅम, म्हणजे जेमतेम १० मोल. या चुकीच्या आकड्यावरून द्रावण तयार केले की ते अपेक्षेपेक्षा जवळजवळ दुप्पट तीव्र निघते, आणि सगळ्यांत जपून हाताळायच्या आम्लाच्या बाबतीत हे घडते.

प्रयोगशाळेतल्या इतर नेहमीच्या आम्लांनाही हेच सूत्र लावता येते. ७० टक्के, १.४१ घनतेचे नायट्रिक आम्ल सुमारे १५.७ मोलर येते. ९९.७ टक्के, १.०५ घनतेचे ग्लेशियल ॲसेटिक आम्ल १७.४ मोलर, तर ८५ टक्के, १.६९ घनतेचे फॉस्फरिक आम्ल १४.७ मोलर. हे आकडे पाठ करण्यापेक्षा एकदा स्वतः कागदावर काढून पाहावेत. पुढे बाटली बदलली, टक्का बदलला, तरी हिशेब हाताशी राहतो.

टक्का नेहमीच वस्तुमानाचा असतो असेही नाही. व्हिनेगरच्या बाबतीत तो बहुधा १०० मिलिलिटरमध्ये किती ग्रॅम आम्ल या अर्थाने धरतात. दोन द्रव मिसळताना तो आकारमानाचाही असू शकतो. वस्तुमानाच्या टक्क्याला घनता लागते, व्हिनेगरसारख्या टक्क्याला लागत नाही. म्हणून टक्का वहीत उतरवून घेताना तो कशात कशाचा आहे हेही तिथेच लिहावे.

आणखी एक गोष्ट लेबलवरच दिसते. पुष्कळ बाटल्यांवर एकच आकडा नसतो, ‘३५ ते ३८ टक्के’ असा पल्ला असतो. ३५ टक्के धरले तर संहती ११.३ मोलरच्या आसपास येते, ३८ टक्के धरले तर १२.४. दोन्हींत जवळजवळ १० टक्क्यांचा फरक पडतो. त्यात हायड्रोजन क्लोराइड मुळात वायू आहे. झाकण वारंवार उघडले की तो धुरासारखा निसटत राहतो आणि जुन्या बाटलीतले आम्ल लेबलपेक्षा कमजोर होत जाते. संहत सल्फ्युरिक आम्लाचे वेगळे आहे. ते हवेतली आर्द्रता ओढून घेते आणि हळूहळू पातळ होते. लेबल आम्ल भरले त्या दिवसाचे असते. बाटली त्यानंतर किती वेळा उघडली हे त्याला माहीत नसते.

विरल करताना

संहत आम्लात पाणी मिसळले तरी आम्लाचे मोल तेवढेच राहतात, फक्त ते मोठ्या आकारमानात पसरतात. म्हणून आधीची संहती गुणिले आधीचे आकारमान बरोबर नंतरची संहती गुणिले नंतरचे आकारमान. १२ मोलर आम्लापासून एक लिटर ०.१ मोलर द्रावण हवे असेल, तर ०.१ × १००० ÷ १२ = ८.३३ मिलिलिटर आम्ल लागेल. १८.४ मोलर सल्फ्युरिक आम्लापासून अर्धा लिटर १ मोलर द्रावण करायचे असेल, तर १ × ५०० ÷ १८.४ = २७.२ मिलिलिटर.

इथे ‘एक लिटर द्रावण’ आणि ‘एक लिटर पाणी’ यांची गल्लत होते. ८.३३ मिलिलिटर आम्लात एक लिटर पाणी ओतायचे नसते. स्टँडर्ड फ्लास्कमध्ये आधी अर्ध्याहून जास्त डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, त्यात आम्ल सोडावे, ढवळावे आणि मग खुणेपर्यंत पाणी भरावे. दोन द्रव मिसळल्यावर एकूण आकारमान त्यांच्या बेरजेइतके भरेलच असे नाही. ५० मिलिलिटर अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी मिसळले तर १०० मिलिलिटर होत नाही, तीन-चार मिलिलिटर कमी भरते. म्हणून बेरजेवर विसंबायचे नाही, फ्लास्कच्या मानेवरची रेघ हाच आधार.

‘१:१० विरल’ ही भाषाही शक्यतो टाळावी. कोणी त्याचा अर्थ एक भाग आम्ल आणि दहा भाग पाणी असा घेतो, तर कोणी एकूण दहा भागांतला एक भाग आम्लाचा असा. दोन्हींत दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. त्यापेक्षा ‘१० मिलिलिटर घेऊन १०० मिलिलिटर केले’ असे लिहावे.

पाण्यात आम्ल घालायचे, आम्लात पाणी नाही, हा नियम शाळेपासून सांगितला जातो. त्यामागचे कारण कळले की तो विसरला जात नाही. सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळताना खूप उष्णता निघते. जड आम्लावर थोडेसे पाणी पडले तर ते वरच तरंगते, त्या थोड्याशा पाण्याला सगळी उष्णता मिळते, ते क्षणात उकळते आणि आम्लाचे थेंब उडवते. उलट भरपूर पाण्यात आम्ल बारीक धारेने सोडले तर तीच उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. डोळ्यांवर चष्मा हवा, हातमोजे हवेत, संहत आम्ल फ्यूम हूडमध्ये किंवा निदान उघड्या खिडकीपाशी ओतावे आणि पिपेट तोंडाने कधीही ओढू नये.

या उष्णतेचा हिशेबाशीही संबंध आहे. गरम द्रावण प्रसरण पावलेले असते. ते तसेच खुणेपर्यंत भरले तर थंड झाल्यावर पातळी रेघेच्या खाली जाते, म्हणजे संहती ठरवल्यापेक्षा जास्त होते. म्हणून सल्फ्युरिक आम्ल बीकरमध्ये विरल करून, खोलीच्या तापमानाला येऊ देऊन मगच फ्लास्कमध्ये ओतावे. फ्लास्कवर २० किंवा २७ अंश असे तापमान छापलेले असते. आपल्याकडच्या काचसामानावर २७ पुष्कळदा दिसते. त्या तापमानाला फ्लास्कचे आकारमान अचूक असते.

खरी संहती ब्युरेट सांगते

आम्लाची ताकद मोजण्याची गरज प्रयोगशाळांच्या आधी बाजारात निर्माण झाली. फ्रान्समध्ये क्लोद जोफ्र्वा याने १७२९ मध्ये व्हिनेगरची ताकद मोजण्यासाठी त्यात पोटॅशियम कार्बोनेटची पूड फेस थांबेपर्यंत घातली आणि किती पूड लागली त्यावरून व्हिनेगर ठरवले. पुढे कापड उद्योगाला ब्लीचिंगची द्रावणे तपासायची होती आणि त्या गरजेतून मोजनळ्या आल्या. ‘ब्युरेट’ आणि ‘पिपेट’ ही नावे १८२४ मध्ये गे-ल्युसॅकच्या लेखनातून रूढ झाली. जर्मनीतल्या कार्ल फ्रीडरिख मोहर याने १८५५ मध्ये अनुमापनावर पाठ्यपुस्तक लिहिले. बारावीच्या प्रात्यक्षिकात भेटणारे मोहर सॉल्ट त्याच्याच नावाचे.

जोफ्र्वाच्या पद्धतीतले कार्बोनेट आजही हायड्रोक्लोरिक आम्लाची कसोटी म्हणून वापरतात. आज निर्जल सोडियम कार्बोनेट घेतात. ते शुद्ध मिळते, २६०–२७० अंशांना तापवून डेसिकेटरमध्ये थंड केले की कोरडे राहते आणि तराजूवर नेमके तोलता येते. त्याचे रेणुवस्तुमान १०५.९९. १.३२५ ग्रॅम तोलून २५० मिलिलिटर द्रावण केले की ते ०.०५०० मोलर होते.

वर ८.३ मिलिलिटर संहत आम्ल घेऊन एक लिटर केलेले द्रावण आता तपासायचे. ब्युरेट आधी त्याच आम्लाने विसळावी, नुसत्या पाण्याने विसळली तर आत राहिलेले थेंब आम्लाला पातळ करतात. कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने विसळावा. त्यात उरलेल्या पाण्याने मोल बदलत नाहीत, पण तो कार्बोनेटने विसळला तर जास्तीचे मोल आत येतात. पिपेटने २५ मिलिलिटर कार्बोनेट घ्यावे. पिपेटच्या टोकात राहिलेला शेवटचा थेंब फुंकून काढू नये, टोक फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकवून निघेल तेवढाच काढावा, कारण पिपेट तो थेंब वगळूनच मापलेली असते. मिथिल ऑरेंज या दर्शकाचे दोन थेंब घालावेत आणि पिवळा रंग नारिंगी-गुलाबीकडे झुकेपर्यंत आम्ल सोडावे.

पहिल्या फेरीत पायलट रीडिंग घ्यावे, म्हणजे शेवट कुठे येतो याचा अंदाज लागतो. नंतर शेवटचा एक मिलिलिटर थेंबाथेंबाने सोडावा. समजा, रीडिंग २४.५, २४.६, २४.६ आले, तर २४.६ हे सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) धरावे.

आता हिशेब. २५ मिलिलिटर ०.०५ मोलर कार्बोनेटमध्ये १.२५ मिलिमोल कार्बोनेट आहे. एका कार्बोनेटला आम्लाचे दोन रेणू लागतात, म्हणून आम्ल २.५० मिलिमोल. ते २४.६ मिलिलिटरमध्ये होते. २.५० ÷ २४.६ = ०.१०१६. कॅल्क्युलेटरवर पुढेही अंक दिसतात, पण ब्युरेट दशांश मिलिलिटरपर्यंतच वाचते. म्हणून तीन सार्थ अंकांत ०.१०२ मोलर असे लिहावे.

म्हणजे ०.१ समजून केलेले द्रावण ०.१०२ निघाले. बाटलीतले आम्ल १२ ऐवजी १२.२ मोलर असेल, किंवा मेजरिंग सिलिंडरने ८.३ ऐवजी थोडे जास्त मोजले असेल. कारण कोणतेही असो, पुढच्या सगळ्या हिशेबांत ०.१०२ हाच आकडा घ्यायचा. द्रावण नेमके ०.१०० करण्याची खटपट गरजेची नाही, त्याची खरी संहती माहीत असणे गरजेचे आहे.

दर्शक बदलला तर उत्तर कसे उलटते, ते याच प्रयोगात दिसते. मिथिल ऑरेंजऐवजी फिनॉल्फ्थेलिन वापरले तर गुलाबी रंग सुमारे १२.३ मिलिलिटरलाच जातो. कारण तिथे कार्बोनेटचे फक्त बायकार्बोनेट झालेले असते, निम्मेच काम झालेले असते. तो शेवट मानून वरचाच हिशेब केला तर संहती दुप्पट, ०.२०३ मोलर दिसते. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ या पीएचच्या पट्ट्यात रंग बदलते, फिनॉल्फ्थेलिन ८.२ ते १० च्या पट्ट्यात. कोणत्या अभिक्रियेचा शेवट कोणत्या पट्ट्यात येतो हे पाहून दर्शक निवडावा.

रीडिंग किती मोठे असावे यालाही महत्त्व आहे. ब्युरेटमधली ०.१ मिलिलिटरची चूक २४.६ मिलिलिटरच्या रीडिंगमध्ये ०.४ टक्का होते. रीडिंग ५ मिलिलिटर असेल तर तीच चूक २ टक्के होते. म्हणून द्रावणांची प्रमाणे अशी ठेवावीत की रीडिंग २० ते २५ मिलिलिटरच्या आसपास येईल.

नॉर्मल आणि मोलर

जुन्या जर्नल्समध्ये, डेअरीत आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत अजूनही नॉर्मॅलिटी चालते. आम्लाचा एक रेणू किती हायड्रोजन आयन देतो त्या संख्येने मोलॅरिटीला गुणले की नॉर्मॅलिटी मिळते. हायड्रोक्लोरिक आम्ल एक देते, म्हणून १ मोलर म्हणजे १ नॉर्मल. सल्फ्युरिक आम्ल दोन देते, म्हणून १ मोलर म्हणजे २ नॉर्मल आणि १८.४ मोलर म्हणजे ३६.८ नॉर्मल. दोन्हींत गल्लत केली तर उत्तर नेमके दुपटीने चुकते.

फॉस्फरिक आम्लाच्या बाबतीत जास्त सावध राहावे लागते. त्याच्या सूत्रात तीन हायड्रोजन आहेत, पण मिथिल ऑरेंजच्या शेवटापर्यंत एकच सुटतो आणि फिनॉल्फ्थेलिनच्या शेवटापर्यंत दोन. तिसरा साध्या अनुमापनात मोजता येत नाही. म्हणून फॉस्फरिक आम्लाची नॉर्मॅलिटी लिहिताना दर्शक कोणता वापरला ते न लिहिल्यास त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

असाच सावधपणा तोलतानाही लागतो. ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकांत पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात, ते हिशेबात धरावे लागतात. स्फटिकांचे रेणुवस्तुमान १२६.०७ आहे. २५० मिलिलिटर ०.०५ मोलर द्रावणासाठी १.५७६ ग्रॅम लागतात. पाणी विसरून ९०.०३ धरले तर १.१२५ ग्रॅमच तोलले जातात आणि द्रावण ०.०३५७ मोलर होते. विद्यार्थी मग ब्युरेटला आणि दर्शकाला दोष देत राहतो, चूक मात्र तराजूपाशी झालेली असते.

पीएच पाहून संहती काढू नये

पीएच मीटर किंवा पीएच पेपर हाताशी असला की संहती त्यावरूनच काढण्याचा मोह होतो. तीव्र आणि विरल आम्लापुरते ते चालते. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच १ च्या जवळ येतो. ०.१ मोलर ॲसेटिक आम्लाचा पीएच मात्र २.९ च्या आसपास असतो, कारण त्याचे शंभरातले जेमतेम एक-दोन रेणू हायड्रोजन आयन सोडतात. २.९ पीएचवरून तीव्र आम्लासारखा हिशेब केला तर संहती ०.००१३ मोलर निघते, म्हणजे खऱ्या संहतीच्या सुमारे ऐंशीपट कमी.

पण दोन्ही आम्लांचे २५-२५ मिलिलिटर घेऊन सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन केले तर दोघांनाही तेवढेच आम्लारी लागते. ॲसेटिक आम्लाचे सुटे आयन संपले की उरलेले रेणू नवे आयन सोडतात आणि अभिक्रिया शेवटपर्यंत जाते. पीएच मीटर त्या क्षणी सुटे असलेले आयन मोजते. एकूण आम्ल किती आहे ते अनुमापनातूनच कळते. व्हिनेगर, दूध, ताक, द्राक्षाचा रस, चिंचेचा कोळ, लिंबाचा रस, कुठलेही सौम्य आम्ल असो, हा फरक लक्षात ठेवावा.

व्हिनेगर आणि दूध

घरातल्या व्हिनेगरची संहती काढणे हा अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प आहे. व्हिनेगर थेट वापरले तर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड फार लागते. म्हणून १० मिलिलिटर व्हिनेगरचे आधी १०० मिलिलिटर करावे. त्यातले २५ मिलिलिटर घ्यावे, म्हणजे मूळचे २.५ मिलिलिटर व्हिनेगर झाले. इथे दर्शक फिनॉल्फ्थेलिन, कारण सौम्य आम्लाचा शेवट सातच्या वर येतो. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबावे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो नंतर उडतो, तेव्हा पुन्हा थेंब टाकत बसू नये.

समजा, ०.१०० मोलर आम्लारी १७.५ मिलिलिटर लागले. म्हणजे १.७५ मिलिमोल ॲसेटिक आम्ल. त्याला रेणुवस्तुमानाने, ६०.०५ ने गुणले की १०५ मिलिग्रॅम. हे २.५ मिलिलिटरमध्ये होते, म्हणून १०० मिलिलिटरमध्ये ४.२ ग्रॅम. बाटलीवर ४ टक्के लिहिले असेल तर ताळा जमला.

या प्रयोगात कमकुवत दुवा सोडियम हायड्रॉक्साइडचा आहे. त्याच्या गोळ्या तोलतानाच पाणी शोषून घेतात आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतात. म्हणून ४ ग्रॅम तोलले म्हणजे ०.१ मोल झाले असे धरून चालत नाही. ते द्रावण आधी ऑक्झॅलिक आम्लाशी किंवा २०४.२२ रेणुवस्तुमानाच्या पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटशी तपासून घ्यावे.

दुधाच्या आम्लतेचा हिशेबही याच चालीचा आहे. १० मिलिलिटर दूध, फिनॉल्फ्थेलिन आणि एक दशांश नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. या आम्लारीचा एक मिलिलिटर ०.००९ ग्रॅम लॅक्टिक आम्लाइतका असतो. १.६ मिलिलिटर लागले तर ०.०१४४ ग्रॅम, म्हणजे ०.१४४ टक्के. ताज्या गाईच्या दुधात आकडा साधारण याच सुमारास येतो. आणखी सोयीची रीत म्हणजे एक नवमांश नॉर्मल द्रावण. त्याचा एक मिलिलिटर बरोबर ०.०१ ग्रॅम लॅक्टिक आम्लाइतका असतो. त्यामुळे १० मिलिलिटर दुधाला १.४ मिलिलिटर लागले की आम्लता ०.१४ टक्के, गुणाकार-भागाकार न करता. लॅक्टिक आम्लाचे रेणुवस्तुमान ९० असल्याने हे जमते. एक गोष्ट मात्र ध्यानात असावी. ताज्या दुधात प्रत्यक्ष लॅक्टिक आम्ल फारच थोडे असते. केसिन, फॉस्फेट आणि सायट्रेट हेच आम्लारी खातात, आणि त्यांची ही आम्लता ‘लॅक्टिक आम्लाच्या भाषेत’ लिहिण्याची प्रथा आहे. दूध नासू लागल्यावर जी वाढ दिसते ती मात्र खरोखरच लॅक्टिक आम्लाची असते.

शेतातले आम्ल आणि बॅटरीतले आम्ल

महाराष्ट्रात द्राक्ष, डाळिंब आणि उसाच्या ठिबकला क्षारयुक्त पाण्याचा त्रास होतो. ड्रिपरमध्ये चुनखडी साचते आणि आम्ल प्रक्रिया करावी लागते. आम्ल किती लागेल याचा अंदाज पाण्याच्या तपासणी अहवालावरून आधीच काढता येतो. अहवालात एकूण अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत दिलेली असते. ती ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर तिला ५० ने भागावे. एका लिटरला ६ मिलिइक्विव्हॅलंट आम्ल लागेल असा त्याचा अर्थ. बाजारात मिळणारे व्यापारी हायड्रोक्लोरिक आम्ल ३२ टक्के आणि १.१६ घनतेचे असेल, तर वरच्याच सूत्राने ते १०.२ मोलर, म्हणजे १०.२ नॉर्मल. म्हणून ६ ÷ १०.२ = ०.५९ मिलिलिटर प्रति लिटर, १०० लिटरला ५९ मिलिलिटर. ३७ टक्क्यांचे आम्ल असेल तर ५० मिलिलिटरच पुरते. दोन्ही कॅनवर नाव एकच असते, म्हणून टक्का पाहून मग हिशेब करावा.

अल्कलिनिटी मोजताना पीएच साधारण ४.५ पर्यंत आणलेला असतो, त्यामुळे पाणी आणखी खाली, ४ पर्यंत उतरवायचे झाले तर अगदी थोडे जास्तीचे आम्ल लागते. तरीही मोटार सुरू करण्याआधी बादलीभर पाण्यावर ताळा घ्यावा. त्याच विहिरीचे १० लिटर पाणी घेऊन, हिशेबाने येईल तेवढे आम्ल घालून पीएच पेपरने पाहावे. ही छोटी चाचणी म्हणजे शेतातले अनुमापनच. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट आणि आम्ल कधीही एकाच टाकीत एकत्र येऊ देऊ नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. क्लोरीन प्रक्रिया करायची तर ती वेगळ्या दिवशी, नळ्या स्वच्छ धुऊन झाल्यावर करावी.

बॅटरीतल्या आम्लासाठी ब्युरेट लागत नाही, हायड्रोमीटर पुरतो. पूर्ण चार्ज झालेल्या गाडीच्या बॅटरीत तो साधारण १.२८ दाखवतो, म्हणजे सुमारे ३७ टक्के सल्फ्युरिक आम्ल. सूत्र लावले की ४.८ मोलर. बॅटरी उतरत गेली की सल्फेट प्लेटांवर जाऊन बसते, पाणी वाढते आणि घनता खाली येते. घनतेवरून संहती सांगता येते, कारण बॅटरीत पाणी आणि एकच आम्ल असते. दोन-तीन पदार्थ मिसळलेल्या द्रावणाला ही रीत लागू पडत नाही. पातळी कमी झाली की डिस्टिल्ड वॉटरच घालावे, कारण उडालेले असते ते पाणी. आम्ल घातले तर संहती वाढत जाते आणि प्लेटा लवकर खराब होतात.

तपासलेल्या द्रावणाचे लेबल

प्रयोगशाळेतल्या द्रावणांच्या बाटल्यांवर ‘०.१ एन आम्ल’ एवढेच लिहून ठेवण्याची सवय सर्रास दिसते. त्याऐवजी आम्लाचे पूर्ण नाव, तपासून आलेली संहती, एकक, कशाशी आणि कोणत्या दर्शकाने तपासले ते, तारीख आणि करणाऱ्याची सही असावी. उदाहरणार्थ: ‘हायड्रोक्लोरिक आम्ल, ०.१०२ मोलर, निर्जल सोडियम कार्बोनेटशी, मिथिल ऑरेंज’ आणि खाली तारीख. घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल कित्येक महिने फारसे बदलत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण काचेवर परिणाम करते आणि काचेचे बूच चिकटून बसते, म्हणून ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावे आणि वापरात असेल तर दर आठवड्याला पुन्हा तपासावे. नव्या तपासणीचा आकडा जुन्या लेबलवर गिरवू नये. जुना आकडा एका रेघेने खोडून, खाली नवा आकडा आणि नवी तारीख लिहावी. त्या दोन आकड्यांतल्या फरकावरून द्रावण किती वेगाने बदलते आहे आणि पुढची तपासणी कधी करायची हे ठरवता येते.